तालीम सोडून तालमीत?

दोन वर्षांपूर्वी शालेय कुस्ती स्पर्धेच्या विभागीय फेरीत आमच्या शाळेतला आठवीचा एक मुलगा हरला. हरण्याचे आम्हाला काही वाटले नाही. विभागापर्यंत पोहोचलेला आमच्या शाळेचा तो पहिलाच पैलवान. पण पंचांनी दुसऱ्या मुलाचा हात वर केला आणि आमच्या मुलाने समोर आलेला हात झिडकारला. मॅटवरून उतरून तो सरळ आपली पिशवी उचलायला गेला. पंचांनी त्याला परत बोलावले, प्रतिस्पर्ध्याशी आणि त्याच्या प्रशिक्षकाशी हात मिळवायला लावला. तो गेला, पण दात आवळून.

परतीच्या एस.टी.त तो खिडकीशी बसला होता. त्याला चांगले चार शब्द सुनवायचे आम्ही मनाशी ठरवले होते. पेण मागे पडले, वडखळ आले, तरी आमच्या तोंडून शब्द निघेना. कारण एव्हाना आम्हाला उमगले होते की चूक आमची आहे. दोन वर्षे आम्ही त्याला पट काढायला शिकवले, ढाक शिकवली, घिस्सा शिकवला. हरल्यावर काय करायचे असते ते मात्र एकदाही शिकवले नव्हते.

आम्ही मुळात भाषेचे शिक्षक. उर्दू आणि मराठी हे आमचे विषय. शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली आणि तो तास आमच्याकडे आला. लहानपणी जत्रेत रेवड्यांवर चार कुस्त्या खेळलो होतो, एवढेच आमचे भांडवल. रायगडच्या या किनाऱ्यावर पोरांचा जीव क्रिकेटमध्ये आणि कबड्डीत. जत्रेच्या दिवशी एखाद्या गावी कुस्त्यांचा फड भरतो, हलगी वाजते, नारळापासून रोख इनामापर्यंत जोडी लागते, आणि दुसऱ्या दिवशी ते मैदान पुन्हा भाताचे शेत होते. घाटावर जशी गावागावात तालीम दिसते तशी इथे नाही. म्हणून शाळेच्या व्हरांड्यात जुन्या गाद्या शिवून आम्ही त्याच मॅट केल्या होत्या.

स्पर्धेनंतर आठवड्याभराने मुलाच्या घरी जाणे झाले. वडील आखातात नोकरीला, घरी आई आणि दादी. चहा झाला. विषय निघालाच होता. घाटावरच्या एका तालमीतून विचारणा आली होती की मुलगा अंगाने चांगला आहे, आमच्याकडे राहायला पाठवा. दादी म्हणाली, "मास्तर, पोराचं हाड मोडलं तर त्याच्या बापाला मी काय तोंड दाखवू?" आई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "सर, त्याची तालीम सोडून त्याला तालमीत घालायचं का?"

प्रश्न साधा होता, पण आम्ही उत्तर न देताच घरी आलो. भाषेचा माणूस असल्यामुळे असेल, रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळत राहिले. एकाच वाक्यात तोच शब्द दोनदा आला होता. एकदा त्याचा अर्थ शिक्षण, दुसऱ्यांदा कुस्तीचा आखाडा. आणि त्या माऊलीच्या मनात हे दोन अर्थ एकमेकांचे वैरी होऊन बसले होते.

तालीम हा अरबी शब्द. अर्थ शिकवणे, इल्म देणे. आपल्या घरांत तो त्याच अर्थाने चालतो. मराठीने तो घेतला आणि जिथे पैलवान घडतो त्या जागेला दिला. नाटकवाल्यांनी तोच शब्द सरावासाठी घेतला. तालमीत शिकवणारा तो वस्ताद, म्हणजे आपला उस्ताद. पैलवान हा शब्द फारसीतला, कुस्तीही फारसीतली. लंगोट, आखाडा आणि मल्ल हे शब्द इथल्या मातीतले. कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत पहाटे जे बोलणे चालते त्यात ही सारी भाषा एकत्र नांदते आणि कोणाला त्याचे नवल वाटत नाही. शब्द एकटे प्रवास करत नाहीत, माणसांबरोबर येतात. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उत्तरेतले, पंजाबचे नामांकित पैलवान कोल्हापुरात येत, राजाश्रय घेत. १९१२ साली शाहू महाराजांचे खासबाग मैदान सुरू झाले तेव्हा तिथली पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात झाली. इमामबक्ष म्हणजे जगप्रसिद्ध गामा पैलवानांचे भाऊ.

मग या जागेला जुन्या लोकांनी शिक्षणाचेच नाव का दिले असेल? याचे उत्तर आमच्या व्हरांड्यातल्या गाद्यांवर मिळणार नव्हते. ज्यांनी पैलवान घडवले त्यांच्या आयुष्यांकडे पाहायला हवे होते. त्यासाठी मनाने का होईना, घाट चढावा लागला.

पहिली गोष्ट शाळा-कॉलेजातलीच आहे. खाशाबा जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगाने लहानखुरे. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्यांचे नाव घ्यायला तिथल्या खेळाच्या शिक्षकांनी नकार दिला. हा पोरगा काय लढणार, असेच वाटले असणार. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्याहून दांडगे गडी चीत केले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे तर पैशांची अडचण होती. गावाने, मित्रांनी, दुकानदारांनी वर्गणी काढली, तरी कमी पडत होते. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, थांबावे लागले.

आम्ही शिक्षक ही गोष्ट दर वर्षी मुलांना सांगतो, आणि दर वेळी खाशाबांवर थांबतो. या वेळी आम्ही दोन शिक्षकांवर थांबलो. एकाने मुलाचे अंग पाहून नाव वगळले. दुसऱ्याने त्याच मुलासाठी घर गहाण टाकले. दोघे एकाच कॉलेजात होते. कुस्तीचा एक डावही न शिकवता प्राचार्य खर्डेकर खाशाबांचे वस्ताद ठरले, कारण पोराची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली.

दुसरी गोष्ट खऱ्या अर्थाने वस्तादाची. गणपतराव आंदळकर यांचा जन्म १५ एप्रिल १९३५ चा, सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातल्या पुनवत गावचा. कुस्तीसाठी ते कोल्हापूरला आले आणि मोतीबाग तालमीचे झाले. १९६० साली मुंबईत पंजाबच्या खडकसिंगला हरवून ते हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइल प्रकारात रौप्य मिळवले. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ते भारतासाठी लढले. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

इथपर्यंतची कारकीर्द वर्तमानपत्रांत छापून येते. त्यापुढचे आयुष्य फारसे छापले जात नाही, आणि आम्हाला तेच महत्त्वाचे वाटते. एवढा मोठा मल्ल परत तालमीत आला आणि पुढची कित्येक दशके दुसऱ्यांची पोरे घडवत राहिला. तालमीत वस्तादाचे काम काय असते ते बाहेरच्याला चटकन कळत नाही. पहाटे अंधारात पोरे उठतात. तांबडी माती उकरायची. त्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू मिसळलेले असते, म्हणजे ती मऊ राहते आणि अंगाला बाधत नाही. मग जोर, बैठका, लढत. कोणाची जोडी कोणाशी लावायची ते वस्ताद ठरवतो. बळकटाला दुबळ्यावर सोडले तर दोघेही बिघडतात. एकाला माज चढतो, दुसरा खचतो. कोण दुखणे लपवतो आहे, कोणाचे घरून पत्र आल्यापासून लक्ष नाही, कोणाचा खुराक परवडेनासा झाला आहे, हे सगळे वस्तादाला कळावे लागते. मुलगा घरापासून दूर असतो, तेव्हा तालमीत आईबापाच्या जागी वस्तादच.

आंदळकरांच्या हाताखाली घडलेल्यांत दादू चौगुले होते. १९७० आणि १९७१ असे सलग दोन वर्षे महाराष्ट्र केसरी झालेले आणि १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवलेले. आणि आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांच्याकडे शिकलेल्यांत एक मुलगा होता सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या खडकी गावचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या कुस्ती, नाव बाला रफिक शेख. कोल्हापूरला आंदळकरांकडे घडून तो पुढे पुण्याच्या तालमीत गेला. १६ सप्टेंबर २०१८ रोजी गणपतराव वारले. डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याला बाला रफिक शेख महाराष्ट्र केसरी झाला आणि चांदीची गदा त्याच्या खांद्यावर आली. ती गदा पाहायला वस्ताद उरले नव्हते. तीन महिन्यांचे अंतर पडले.

आपल्या मोहल्ल्यात कोणी म्हणते, कुस्ती आपल्या मुलांची नाही, तिथे आपल्याला कोण विचारतो? त्यांना आम्ही आपल्याच जिल्ह्याची आठवण करून देतो. १९८० साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा खोपोलीत भरली होती. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, रायगड हे नाव पुढच्या वर्षी आले. त्या मैदानात केसरी झाले सोलापूरजवळच्या बोरामणीचे इस्माईल शेख. त्याच घराण्यातले आप्पालाल शेख १९९२ मध्ये आणि मुन्नालाल शेख २००२ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. एका घराण्यात तीन गदा. फडात हलगी वाजते तेव्हा लोक डाव पाहतात, आडनाव नंतर विचारतात.

आता आमच्या मुलाच्या झिडकारलेल्या हाताकडे परत येऊ. हदीसच्या संग्रहांत रुकाना नावाच्या बलवान पैलवानाशी पैगंबर मुहम्मद (स.) यांनी कुस्ती केल्याचा उल्लेख येतो. तो आपल्या मुलांना आवडतो आणि सांगायलाही सोपा आहे. पण त्याहून प्रसिद्ध शिकवण दुसरी आहे आणि ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. समोरच्याला आडवा करणारा खरा बलवान नव्हे, रागाच्या क्षणी जो स्वतःला आवरतो तो बलवान, असा तिचा आशय. ही शिकवण आम्ही वर्गात कित्येक वेळा फळ्यावर लिहिली आहे. गाद्यांवर मात्र कधी आणली नव्हती. फळा एका खोलीत, गाद्या व्हरांड्यात, मध्ये एक भिंत. त्या आईच्या प्रश्नातली भिंत ती हीच. ती आम्हीच घातली होती.

त्या दिवसापासून आम्ही सराव बदलला. रोज शेवटची लढत हरण्याची. म्हणजे प्रत्येक मुलाने एकदा तरी आपल्याहून भारी गड्याशी लढायचे, पडायचे, उठायचे, त्याचा हात हातात घ्यायचा आणि कोणत्या डावावर पडलो ते त्यालाच विचारायचे. पहिले काही दिवस पोरे हसली. आमचा पैलवान हसला नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याने नववीतल्या मुलाला विचारले, "माझा पाय कुठे चुकला?" तेवढे ऐकून आम्हाला विभागीय पदकाइतके समाधान झाले.

घाटावर पाठवण्याचा प्रश्न मात्र उभाच होता, आणि तो भावनेवर सोडवण्यासारखा नव्हता. कुस्तीचे दुसरे टोकही पालकांना दिसले पाहिजे. खाशाबांसारखा ऑलिंपिक वीर १९५५ मध्ये पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात गेला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. ज्याच्या नावाने आज महाराष्ट्र १५ जानेवारीला राज्य क्रीडा दिन पाळतो, त्याची ही कथा. मग बाकीच्या हजारो पोरांचे काय? गुडघा गेला, खांदा निखळला आणि हातात दहावीचे प्रमाणपत्रही नसले तर पंचविशीतला पैलवान कुठे जाईल? दादीची भीती खोटी नव्हती.

वडील सुट्टीवर आले तेव्हा आम्ही तिघे ती तालीम पाहायला गेलो. जाण्याआधी रात्री बसून प्रश्न लिहून काढले. इतर पालकांनाही उपयोग होईल म्हणून ते इथे देतो.

मुलगा कोणत्या शाळेत जाणार, आणि तो रोज शाळेत गेला की नाही हे कोण पाहणार, हा पहिला प्रश्न. दुसरा, दुखापत झाली तर डॉक्टरकडे कोण नेतो आणि घरी कोण कळवतो. तिसरा, स्पर्धेपूर्वी वजन उतरवण्यासाठी मुलांना उपाशी किंवा तहानलेले ठेवतात का. वाढत्या वयात हे घातक आहे, आणि जिथे याचे कौतुक चालते तिथून मुलाला परत आणावे. चौथा, अंग, मॅट आणि कपडे रोज स्वच्छ होतात का, कारण तालमीत गजकर्णासारखे त्वचेचे आजार एकाचे दहा जणांना होतात. पाचवा प्रश्न आपल्या घरचा. खुराकात हलालची सोय आहे का, नमाजला वेळ मिळेल का, रमजानमध्ये सरावाचे काय. सतरचा मुद्दाही घरात निघतो आणि निघायला हवा. सराव गुडघ्याखाली येणारी विजार घालून करता येतो. मॅटवरच्या स्पर्धेचा पोशाख मात्र नियमाने ठरलेला असतो. याबाबत आपल्या आलिमांशी आधीच बोलून घ्यावे, मुलाला ऐन वेळी पेचात टाकू नये.

तिथल्या वस्तादांनी आमचे सगळे ऐकून घेतले. रमजानचे विचारल्यावर म्हणाले, "माझ्याकडे आधी अशी पोरं होती. रोजा असला की जोर-बैठका कमी करतो, लढत नंतर ठेवतो." नमाजला जागा दाखवली. शाळेच्या प्रश्नावर मात्र ते थोडे थांबले. शाळा लांब होती आणि पहाटेच्या मेहनतीनंतर पोरे वर्गात झोपतात हे त्यांनी स्वतःच कबूल केले. त्यांच्या या खरेपणाबद्दल आम्हाला आदर वाटला. निघताना ते वडिलांना म्हणाले, "दहावी करून आणा. तोवर मे महिन्याच्या सुट्टीत पाठवत जा. माती कुठे पळून जात नाही."

तसेच ठरले. मुलगा आता दहावीत आहे. मे महिन्यात तो घाटावर जातो, उरलेले वर्ष आमच्या व्हरांड्यात. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींत शाळा आणि सराव एकत्र चालतो, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात त्यांची माहिती मिळते, हे आम्हाला उशिरा समजले. ज्यांची मुले अजून लहान आहेत त्यांनी ती चौकशी वेळेत करावी. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात, आणि त्यांत ठरावीक पातळी गाठणाऱ्याला दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत मिळते, हेही पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

गेल्या वर्षी तो पुन्हा विभागात लढला आणि पुन्हा हरला, या वेळी थोडक्यात. आम्ही कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभे होतो. पंचांनी दुसऱ्याचा हात वर केला. आमच्या मुलाने त्याला हात दिला, त्याच्या प्रशिक्षकाकडे चालत गेला, त्यांनाही हात दिला. मग आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, पट उशिरा सोडला." डोळे भरलेले होते, पण आवाज ठीक होता.

घरी गेलो तर आईने निकाल विचारला. हरला, असे आम्ही सांगितले, आणि मॅटवर जे पाहिले तेही सांगितले. तिने दादीकडे पाहिले. दादी म्हणाली, "मग तालीम चालू आहे म्हणायची." ती कोणत्या तालमीबद्दल बोलत होती हे आम्ही विचारले नाही.